बंद घरी आलेलं टपाल : ॲप चालू नसताना पुश नोटिफिकेशन कसं पोचवायचं

मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसातून आमच्या ॲपवर संध्याकाळी साडेसातला मेसेज सोडला : उद्या दर्यात जाऊ नका, वारा वाढणार आहे. रात्री आणखी दोन सोडले. प्रत्येक वेळी सर्व्हरवर ‘यशस्वी’ अशी हिरवी ओळ उमटली आणि मी निर्धास्त झोपलो. पहाटे सर्जेकोट बंदरावर गेलो, तर दोन तांडेल, म्हणजे होडीवरचे प्रमुख, बर्फ भरून निघायच्या तयारीत. शेजारच्या होडीवरच्याने ओरडून सांगितलं म्हणून थांबले.

दोघांचेही फोन मी बघितले. पहिला रात्रभर फळीवर पडून होता. काकांनी तो हातात घेतला आणि तिन्ही मेसेज एकदम आले. दुसऱ्या फोनवर काहीच नव्हतं. “तुजा ॲप काय वाजलाच नाय. बॅटरी खाता म्हणान मी झोपताना सगळा बंद करून ठेवतंय,” असं म्हणत त्या काकांनी मला करूनही दाखवलं. प्लास्टिकच्या पिशवीत रबर लावून ठेवलेला फोन, पिशवीवरूनच अंगठा वर सरकवत एकेक ॲप उडवत गेले. त्यात आमचंही उडालं.

दोन फोन, दोन वेगळी कारणं. या दोन्ही कारणांपर्यंत पोचायला मला बरेच दिवस लागले. तुम्ही पहिल्यांदाच हे काम हाती घेत असाल तर तुमचे तेवढे दिवस वाचावेत म्हणून हे सगळं क्रमाने लिहितो आहे. मासेमारीचं ॲप असो, फेरीबोटीच्या वेळांचं असो की आंब्याच्या पेट्यांच्या ऑर्डरचं, काम एकच आहे.

आधी ‘बंद’ म्हणजे काय ते नीट समजून घ्या

कोकणात बंद घर कुणाला सांगायला नको. चाकरमानी मुंबईला, दाराला कुलूप, किल्ली शेजारच्या काकूंकडे. टपाल आलं की पोस्टमन ते काकूंकडे देतो. फोनमध्येही तसंच आहे. तुमचं ॲप बंद असतं तेव्हा त्याचा एकही धागा चालू नसतो, ते स्वतः काहीच ऐकू शकत नाही. ऐकणारं दुसरंच कुणीतरी असतं. अँड्रॉइडवर ते काम गूगल प्ले सर्व्हिसेस करतं आणि आयफोनवर खुद्द आयओएस. फोनमधल्या सगळ्या ॲपांसाठी मिळून एकच जोडणी गूगलच्या किंवा ॲपलच्या सर्व्हरशी कायम उघडी असते. तुमचा सर्व्हर मेसेज गूगलच्या फायरबेस क्लाउड मेसेजिंगला, म्हणजे एफसीएमला देतो. एफसीएम तो अँड्रॉइड फोनकडे थेट पोचवतं, आयफोनसाठी एपीएनएसकडे, म्हणजे ॲपलच्या तशाच सेवेकडे सोपवतं. फोनमधल्या काकू तो घेतात आणि मग ठरवतात, घर उघडायचं की दारावरच चिठ्ठी लावायची.

ॲपच्या अवस्था चार धरा. पहिली, ॲप समोर उघडं आहे. दुसरी, ॲप मागे गेलंय पण जिवंत आहे. तिसरी, त्याची प्रोसेसच, म्हणजे मेमरीतलं चालतं रूपच, संपलेली आहे. मेमरी कमी पडली म्हणून सिस्टिमने संपवली असेल किंवा वापरणाऱ्याने अलीकडच्या ॲपांच्या यादीतून उडवलं असेल. या तिसऱ्या अवस्थेत साध्या अँड्रॉइडवर मेसेज येतो. प्ले सर्व्हिसेस तुमची प्रोसेस तेवढ्यापुरती उठवतं आणि काम भागतं.

चौथी अवस्था म्हणजे फोर्स स्टॉप. सेटिंगमध्ये जाऊन ‘जबरदस्तीने थांबवा’ दाबलं की अँड्रॉइड त्या ॲपवर ‘थांबवलेलं’ असा शिक्का मारतं. मालकाने काकूंना सांगून ठेवल्यासारखं : मी स्वतः येऊन दार उघडेपर्यंत माझं काही घेऊ नका. मग कितीही महत्त्वाचा मेसेज पाठवा, वापरणारा हाताने ॲप उघडेपर्यंत तो आत जात नाही. यावर कोडमध्ये उपाय नाही आणि शोधायलाही जाऊ नका.

अडचण अशी, की काही कंपन्यांच्या फोनांत बॅटरी वाचवण्यासाठी यादीतून ॲप उडवणं म्हणजे फोर्स स्टॉपच धरलं जातं. आमच्या दुसऱ्या काकांच्या फोनचं तेच झालं होतं. त्याचा इलाज कोडमध्ये नाही, त्या फोनच्या सेटिंगमध्ये आहे. त्याकडे शेवटी येतो.

पायरी १ : पत्ता मिळवा आणि तो ताजा ठेवा

फायरबेसमध्ये प्रोजेक्ट उघडणं आणि त्याची फाइल ॲपमध्ये टाकणं याची माहिती सगळीकडे आहे, त्यात वेळ घालवत नाही. आयफोनसाठी मात्र ॲपलचं वर्षाला ९९ डॉलरचं डेव्हलपर खातं लागतं आणि तिथून घेतलेली पी-एट (.p8) किल्लीची फाइल फायरबेसमध्ये चढवावी लागते. ती राहिली तर अँड्रॉइडवर सगळं चालतं आणि आयफोन गप्प बसतात.

ॲप पहिल्यांदा उघडलं की एफसीएम त्याला एक टोकन देतं. हा त्या फोनवरच्या त्या ॲपचा पत्ता. तो तुमच्या सर्व्हरवर साठवा, सोबत तारीखही लिहा. टोकन कायमचं नसतं. ॲप काढून पुन्हा टाकलं, ॲपचा डेटा पुसला किंवा नव्या फोनवर बॅकअपमधून आणलं की ते बदलतं. म्हणून ‘ऑन न्यू टोकन’ हे फंक्शन लिहाच आणि त्यात नवं टोकन सर्व्हरला कळवा. जोडीला ॲप प्रत्येक वेळी उघडल्यावर टोकन ताडून पाहिलं तर उत्तम.

जुना फोन फळीवर धूळ खात पडलाय, नवा घेतलाय, असं घरोघरी असतं. अँड्रॉइडचा जो फोन २७० दिवस एफसीएमशी जोडलाच गेला नाही, त्याचं टोकन एफसीएम मृत धरतं. त्यावर पाठवलं की ‘अनरजिस्टर्ड’ अशी चूक परत येते. ती आली की तो पत्ता लगेच पुसा. नाहीतर वर्षभराने तुमच्या यादीत माणसं कमी आणि मेलेले पत्ते जास्त होतात, आणि नेमकं किती जणांना पोचतंय ते कळेनासं होतं.

तालुकावार पाठवायचं असेल तर एफसीएममध्ये टॉपिकची सोय आहे : मालवण, देवगड, वेंगुर्ला असे गट करा. टॉपिकचं नाव देवनागरीत चालत नाही, रोमन अक्षरं, आकडे आणि मोजकी चिन्हंच चालतात. शिवाय टॉपिकची यंत्रणा जास्त लोकांपर्यंत पोचण्यासाठी बांधलेली आहे, लवकर पोचण्यासाठी नाही. दोनशे-तीनशे माणसांच्या सोसायटीला तातडीचा इशारा द्यायचा असेल तर मी टोकनांवरच पाठवतो.

पायरी २ : परवानगी आणि चॅनेल

२०२२ साली आलेल्या अँड्रॉइड १३ पासून नव्याने टाकलेल्या ॲपला नोटिफिकेशन दाखवायची परवानगी मागावी लागते. वापरणाऱ्याने दोनदा नकार दिला की सिस्टिम पुन्हा विचारू देत नाही. म्हणून ॲप उघडल्याउघडल्या ती चौकट तोंडावर मारू नका. आमच्याकडे आधी एक साधा पडदा येतो : ‘वादळाचा इशारा तुमच्या फोनवर यायला हवा असेल तर पुढे “परवानगी द्या” दाबा.’ कारण कळलं की माणूस हो म्हणतो.

अँड्रॉइड ८ पासून, म्हणजे २०१७ पासून, प्रत्येक नोटिफिकेशन कुठल्यातरी चॅनेलवर जायला लागतं. आवाज, थरथराट, पडद्यावर उसळून येणं हे सगळं चॅनेल ठरवतं. चॅनेल एकदा तयार केलं की त्याचं महत्त्व ॲपला वाढवता येत नाही, तो हक्क वापरणाऱ्याचा. त्यामुळे सुरुवातीलाच विचार करून किमान दोन करा : ‘दर्याचे इशारे’ उच्च महत्त्वाचं आणि ‘लिलावाचे भाव’ साधं. सगळं एकाच चॅनेलवर टाकलं तर बांगड्याच्या भावाला कंटाळलेला माणूस ते चॅनेल बंद करतो आणि त्याबरोबर वादळाचा इशाराही बंद होतो. मॅनिफेस्टमध्ये, म्हणजे ॲपची माहिती अँड्रॉइडला देणाऱ्या फाइलमध्ये, मूळ चॅनेलचं नावही लिहून ठेवा. ते नसलं आणि मेसेजमध्येही चॅनेल दिलं नाही, तर एफसीएम ‘इतर’ अशा स्वतःच्या चॅनेलवर मेसेज ढकलतं.

आयकॉनचंही इथेच बघून घ्या. वरच्या पट्टीतला छोटा आयकॉन पांढरा आणि मागे पारदर्शक असावा लागतो. आम्ही पापलेटाचं रंगीत चित्र दिलं होतं, तर फोनवर नुसता पांढरा चौकोन दिसायचा.

पायरी ३ : पोस्टकार्ड की बंद पाकीट

सगळ्यांत जास्त गोंधळ या पायरीला होतो, म्हणून इथे थांबून वाचा.

एफसीएमचे मेसेज दोन जातींचे. नोटिफिकेशन मेसेज म्हणजे पोस्टकार्ड. मजकूर उघडा असतो, काकू तो वाचून दारावर लावू शकतात. ॲप समोर नसेल तर एफसीएमची लायब्ररी परस्पर तो पट्टीत दाखवते. तुमचं ‘ऑन मेसेज रिसीव्ह्ड’ हे फंक्शन चालतच नाही. नवशिके इथेच डोकं धरून बसतात. फंक्शनमध्ये लॉग टाकलेला असतो, ॲप उघडं असताना तो दिसतो, मागे गेलं की दिसत नाही. तुमचं काही चुकलेलं नसतं, ते असंच बांधलेलं आहे.

डेटा मेसेज म्हणजे बंद पाकीट. ते फक्त घरमालकाने उघडायचं. अँड्रॉइडवर ॲप समोर असो, मागे असो की प्रोसेस संपलेली असो, तुमचं फंक्शन उठवलं जातं आणि काय दाखवायचं ते तुम्ही ठरवता. त्यातली सगळी मूल्यं स्ट्रिंग, म्हणजे अक्षरी मजकूर म्हणून, असावी लागतात. लाटांची उंची आकडा म्हणून पाठवली तर एफसीएम मेसेज नाकारतं.

पोस्टकार्डाला पाकीट जोडूनही पाठवता येतं. तेव्हा ॲप मागे असेल तर नोटिफिकेशन परस्पर दिसतं आणि डेटाचा भाग माणसाने त्यावर बोट ठेवल्यावर, ॲप उघडताना, इंटेंटमधून, म्हणजे अँड्रॉइड ॲपला देतो त्या निरोपातून, तुमच्या हातात येतो.

मग निवडायचं काय? माझं मत पक्कं आहे. ज्या मेसेजवर माणसाचा जीव किंवा दिवसाची कमाई अवलंबून आहे, तो पोस्टकार्ड म्हणून पाठवा आणि कुठला पडदा उघडायचा एवढंच डेटामध्ये जोडा. तुमचं कोड न चालताही तो दिसला पाहिजे. पहिल्या आवृत्तीत मी सगळं बंद पाकिटातून पाठवत होतो, कारण नोटिफिकेशनला रंग, बटणं, चित्र असं हवं होतं. अँड्रॉइडवर ते बरं चाललं, आयफोनवर मात्र ॲप बंद असलं की काहीच दिसेना. इशाऱ्याला रंग नसला तरी चालतं.

डेटा मेसेजचीही जागा आहे. लिलाव चालू असताना सुरमईचा भाव बदलला, तो ॲपमध्ये गुपचूप साठवायचा आहे. किंवा वापरणाऱ्याने निवडलेल्या बंदरापुरतंच काही दाखवायचं आहे, आणि ते फोनवरच ठरवायचं आहे. तिथे पाकीटच हवं.

मजकुराबद्दल दोन गोष्टी, कारण मराठीत लिहिताना त्या जास्त टोचतात. अख्ख्या मेसेजला मर्यादा ४०९६ बाइटची आहे. युनिकोडच्या नेहमीच्या साठवणीत रोमन अक्षराला १ बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३, आणि काना, मात्रा, अनुस्वार ही वेगळी चिन्हं मोजली जातात. म्हणजे मराठीत जेमतेम तेराशे चिन्हं बसतात, इतर सामान धरून त्याहून कमी. दुसरं, लॉक केलेल्या पडद्यावर अनेकदा मजकुराची पहिली ओळच दिसते. ‘सर्व मच्छीमार बांधवांना कळविण्यात येते की’ एवढ्यातच ती ओळ संपते आणि मुद्दा तीन टिंबांमागे जातो. आधी ‘उद्या दर्यात जाऊ नका’ लिहा. कोण कळवतंय ते नंतर.

पायरी ४ : मेसेज आल्यावर काय करायचं

अँड्रॉइडवर ‘ऑन मेसेज रिसीव्ह्ड’ला २० सेकंदांत काम उरकायचं असतं. मेसेज आला की आधी नोटिफिकेशन दाखवा आणि मगच इंटरनेटवरून तपशील आणायला जा. उलटं केलं तर कमकुवत रेंजमध्ये, म्हणजे आमच्या अर्ध्या गावात, तपशील येईपर्यंत वेळ संपतो आणि नोटिफिकेशनही जातं. नकाशा उतरवणं, फोटो आणणं अशी लांबलचक कामं वर्क मॅनेजरकडे, म्हणजे मागची कामं सांभाळणाऱ्या अँड्रॉइडच्या लायब्ररीकडे, सोपवा.

बोट ठेवल्यावर थेट योग्य पडदा उघडला पाहिजे. अँड्रॉइड १२ पासून नोटिफिकेशनमधून आधी सर्व्हिस किंवा रिसीव्हर (पडद्याशिवाय मागे चालणारे ॲपचे भाग) चालवून मग तिथून पडदा उघडायला बंदी आहे. पेंडिंग इंटेंटने (नोटिफिकेशनला आधीच जोडून ठेवलेल्या निरोपाने) थेट ॲक्टिव्हिटीच, म्हणजे ॲपचा पडदाच, उघडायची. आणि तो डेटा ‘ऑन क्रिएट’ व ‘ऑन न्यू इंटेंट’ या दोन्हीकडे वाचा. ॲप पूर्ण बंद असेल तर पहिल्यात येतो, मागे जिवंत असेल तर दुसऱ्यात येऊ शकतो. एकाच ठिकाणी वाचला की ‘कधी उघडतं, कधी नाही’ अशी तक्रार येते आणि ती पकडायला फार त्रास होतो.

फ्लटरमध्ये, म्हणजे एकाच कोडमधून अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हींची ॲप बनवायच्या साधनात, काम करत असाल तर आणखी सांगतो, कारण माझ्याकडे शिकायला येणारी बहुतेक मुलं फ्लटरच वापरतात. मागे किंवा बंद अवस्थेत चालणारं फंक्शन क्लासच्या बाहेर, फाइलच्या वरच्या पातळीवर लिहावं लागतं, आणि त्याच्या डोक्यावर व्हीएम एंट्री पॉइंटचा प्रॅग्मा, म्हणजे कंपायलरला सूचना देणारी ओळ, लावावा लागतो. तो विसरला की तुमच्या टेबलावर सगळं चालतं आणि रिलीज बिल्डमध्ये, म्हणजे लोकांना द्यायच्या आवृत्तीत, फंक्शन गायब होतं. अँड्रॉइडवर हे फंक्शन वेगळ्या आयसोलेटमध्ये, म्हणजे स्वतःची वेगळी मेमरी असलेल्या खोलीत, चालतं. मुख्य ॲपमधली कुठलीच व्हेरिएबल, कुठलाच प्रोव्हायडर त्याला दिसत नाही, फायरबेसही तिथे पुन्हा सुरू करावं लागतं. वरच्या खोलीतला माणूस ओटीवरच्या डब्यात हात घालू शकत नाही, तसं. काही सांगून ठेवायचं असेल तर फोनच्या साठवणीत लिहा, मुख्य ॲप उघडल्यावर वाचेल.

बोट ठेवल्याचं कळायला फ्लटरमध्ये दोन दरवाजे आहेत. ॲप मागे जिवंत असेल तर ‘ऑन मेसेज ओपन्ड ॲप’, पूर्ण बंद असेल तर ‘गेट इनिशियल मेसेज’. दुसरा एकदाच उत्तर देतो. वाचला की रिकामा होतो. म्हणून तो वाचून ठेवा, लॉगिन आणि पहिला पडदा तयार होऊ द्या, मग त्या मेसेजच्या पानावर न्या. घाईने नेलं तर लॉगिनचा पडदा वरून येतो आणि इशाऱ्याचं पान खाली गाडलं जातं.

आयफोनचं थोडक्यात. मजकूर असलेला मेसेज सिस्टिम स्वतः दाखवते, माणसाने ॲप उडवलं असलं तरी. गुपचूप जागवणारा मेसेज, म्हणजे ‘कंटेंट अव्हेलेबल’वाला, हा मात्र उपकारावर चालतो. त्याला प्राधान्य ५ आणि पुश प्रकार ‘बॅकग्राउंड’ द्यावा लागतो, ॲपला साधारण ३० सेकंद मिळतात, आणि तासाला दोन-तीनपेक्षा जास्त पाठवू नका असं ॲपलच सांगतं. ॲप उडवलेलं असेल तर तो मेसेज ॲपला उठवतच नाही. दाखवण्याआधी मजकुरात बदल करायचा किंवा चित्र जोडायचं असेल तर नोटिफिकेशन सर्व्हिस एक्स्टेंशन लिहा आणि मेसेजमध्ये ‘म्यूटेबल कंटेंट’ १ ठेवा. त्यालाही तेवढाच वेळ असतो, आणि वेळ संपली तर मूळ मजकूर दिसतो. त्यामुळे मूळ मजकूर कधीही रिकामा किंवा ‘नवीन संदेश’ असा ठेवू नका.

पायरी ५ : प्राधान्य आणि आयुष्य

आता पहिल्या काकांचा फोन, फळीवरचा. अँड्रॉइड ६ पासून फोन चार्जरला नसेल, हलत नसेल आणि पडदा बंद असेल, तर तो डोझ नावाच्या झोपेत जातो. मग साध्या प्राधान्याचे मेसेज थांबवून ठेवले जातात आणि मधूनमधून उघडणाऱ्या छोट्या खिडकीत, किंवा फोन उचलल्यावर, एकदम येतात. मी प्राधान्य लिहिलंच नव्हतं, आणि डेटा मेसेजचं मूळ प्राधान्य साधं असतं. इशाऱ्याला उच्च प्राधान्य दिलं की फोन झोपेतून उठून तो दाखवतो.

पण ते सगळ्यालाच लावू नका. उच्च प्राधान्याचे मेसेज येतात आणि वापरणाऱ्याला काहीच दिसत नाही, असं वारंवार झालं तर एफसीएम तुमच्या ॲपचे मेसेज साध्या प्राधान्यावर उतरवू शकतं. भाव साध्याने, इशारा उच्चाने, एवढी शिस्त पाळा.

आयुष्य म्हणजे टीटीएल. फोन रेंजमध्ये नसेल तर एफसीएम मेसेज साठवून ठेवतं, तुम्ही काही सांगितलं नाही तर २८ दिवस. बोट चार दिवस बाहेर असते, किनारा दूर गेला की रेंज जाते. परत बंदराच्या तोंडाशी आल्यावर शनिवारचा ‘आज रात्री वारा’ हा इशारा मंगळवारी वाजला तर माणूस घाबरतो, आणि तसं दोनदा झालं की पुढच्या इशाऱ्यावर विश्वास ठेवत नाही. म्हणून प्रत्येक मेसेजला त्याच्या खऱ्या मुदतीचं आयुष्य द्या. उद्या सकाळी ६ पर्यंतचा इशारा असेल तर तेवढेच सेकंद. लिलावाच्या भावाला तासभर पुरे. ‘फेरीबोट १० मिनिटांत सुटते’ याला १० मिनिटं. टीटीएल शून्य ठेवलं तर आत्ता पोचला तर पोचला, नाहीतर टाकून दिला.

मजकुरात तारीख आणि वारही लिहा, ‘आज’ आणि ‘उद्या’ एकटे सोडू नका.

साठवणीलाही मर्यादा आहे. एका फोनसाठी न पोचलेले डेटा मेसेज १०० पर्यंत साठतात; त्यावर गेले की साठलेले सगळेच टाकून दिले जातात, आणि फोन परत आला की ‘ऑन डिलीटेड मेसेजेस’ हे फंक्शन तेवढं हाक मारतं. नोटिफिकेशन मेसेज तर एकावर एक दडपले जाणाऱ्या जातीचेच. फोन ऑफलाइन असताना तीन पाठवलेत तर शेवटचाच हाती लागू शकतो. भावासारख्या गोष्टींना डेटा मेसेजमध्ये कोलॅप्स की, म्हणजे एका जातीचे मेसेज ओळखायची किल्ली, लावा म्हणजे जुना भाव आपोआप बाजूला होतो. एका फोनसाठी एका वेळी अशा ४ किल्ल्याच वापरता येतात.

या सगळ्यामुळे आमच्या ॲपमध्ये एक नियम आहे : ॲप उघडलं की सर्व्हरकडून चालू इशाऱ्यांची पूर्ण यादी आणायचीच, नोटिफिकेशन आलेलं असो वा नसो. खरं काय ते सर्व्हरवर. नोटिफिकेशन ही नुसती दारावरची थाप.

पायरी ६ : खऱ्या फोनवर तपासा

‘ॲप बंद’ची चाचणी घ्यायला अँड्रॉइड स्टुडिओचं लाल स्टॉप बटण दाबू नका. ते ॲपला फोर्स स्टॉप करतं, मग मेसेज येणारच नाही आणि तुम्ही चांगलं कोड मोडत बसाल. ॲप होम बटणाने मागे टाका आणि एडीबीतून, म्हणजे संगणकावरून फोनला हुकूम द्यायच्या साधनातून, ‘एएम किल’ द्या. सिस्टिमने मेमरीसाठी संपवल्यासारखं होतं. ‘एएम फोर्स-स्टॉप’ वेगळं, ते चौथी अवस्था बघण्यासाठी. डोझ बघायला आधी ‘डम्पसिस बॅटरी अनप्लग’, मग पडदा बंद करून ‘डम्पसिस डिव्हाइसआयडल फोर्स-आयडल’. काम झालं की ‘डिव्हाइसआयडल अनफोर्स’ आणि ‘बॅटरी रीसेट’ विसरू नका.

त्यानंतर रिलीज बिल्ड दोन-तीन वेगळ्या कंपन्यांच्या जुन्या फोनांवर टाका. चार्जर काढून रात्रभर फळीवर ठेवा, पहाटे मेसेज सोडा आणि फोनला हात न लावता बघा. एक तास विमान मोडवर ठेवून पाच मेसेज सोडा, मग मोड काढा आणि कुठले येतात ते लिहून घ्या. या दोन चाचण्यांनी मला जितकं शिकवलं तितकं कुठल्याही लॉगने नाही.

आणि सर्व्हरवरच्या त्या हिरव्या ओळीचा अर्थ नीट घ्या. एफसीएमने मेसेज स्वीकारला, एवढंच ती सांगते. फोनवर पोचला असं ती सांगत नाही. पोचपावती हवी असेल तर ती तुम्ही बांधायची. आमच्याकडे इशाऱ्यावर बोट ठेवलं की ‘वाचलं’ असं मोठं बटण येतं, ते दाबलं की सर्व्हरवर नोंद होते. तासाभरात नोंद नाही अशांची यादी सोसायटीच्या ऑफिसात उघडते, आणि तिथून साधा एसएमएस जातो, नाहीतर फोन.

पुशवर सगळा भार टाकू नका असं मी कळकळीने सांगतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं तेव्हा श्रीवर्धनपासून दापोली-मंडणगडपर्यंत विजेचे खांब आडवे झाले, मोबाइल सेवा कोलमडली. टॉवरच नसेल तर उच्च प्राधान्य कुणाला ऐकू जाणार? बोटीवरचा व्हीएचएफ रेडिओ सेट, बंदरावरचा बावटा आणि वाडीतला भोंगा हे आपल्या ॲपच्या आधीपासून आहेत. ॲपने त्यांना जोड द्यायची.

पायरी ७ : बंदरावर जाऊन सेटिंग लावा

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते. बोटी वर ओढलेल्या, माणसं घरी, जाळी विणायला बसलेली. हा काळ आम्ही फोनांसाठी वापरतो. प्रत्येकाचा फोन हातात घेऊन तीन गोष्टी करतो. बॅटरीच्या सेटिंगमध्ये आमच्या ॲपला ‘निर्बंध नाही’. ज्या फोनांत ‘ऑटोस्टार्ट’ असं बटण आहे तिथे ते चालू. आणि अलीकडच्या ॲपांच्या यादीत ॲपला कुलूप लावायची सोय असेल तर ते कुलूप, म्हणजे सगळं साफ केलं तरी ते उडत नाही. या सेटिंगची नावं प्रत्येक कंपनीची वेगळी, म्हणून फोनच्या मॉडेलप्रमाणे पडद्यांचे फोटो काढून ॲपमध्येच ‘इशारा येत नाही?’ या पानावर ठेवलेत.

दुसऱ्या काकांना मी एवढंच समजावलं, की आमचं ॲप बंद असताना बॅटरी खात नाही. ऐकण्याचं काम फोन तसाही सगळ्यांसाठी करतच असतो. त्यांनी विचारलं, “मगे ह्या एकच ठेवू?” म्हटलं, हो काका, बाकीचं उडवा, हे एक ठेवा. त्यांनी पिशवीवरूनच बोटाने ते छोटं कुलूप लावलं.

३१ जुलैच्या संध्याकाळी सगळ्यांना एक चाचणी इशारा जातो, वर ‘चाचणी’ असं स्पष्ट लिहिलेला. रात्री ९ पर्यंत ज्यांचं ‘वाचलं’ येत नाही त्यांची नावं कागदावर उतरवून सोसायटीच्या टेबलावर काचेखाली ठेवतो, पुढे घरचा नंबर. मोसमभर इशारा सुटला की ॲपच्या यादीची वाट न बघता आधी त्या कागदावरचे फोन होतात.